धुळ्याबाहेर अडीच दिवस उभी राहिलेली गाडी : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गेल्या हंगामात इंदूरच्या व्यापाऱ्याला 12 लाखांचा माल पाठवायचा होता, चार टनांच्या आसपास. ओळखीतल्या ट्रान्सपोर्ट ब्रोकरला, म्हणजे मालासाठी ट्रक मिळवून देणाऱ्या दलालाला फोन केला. तासाभरात गाडी लागली, भाडं 26 हजार ठरलं, 21 हजार अॅडव्हान्स मी त्याच्या खात्यावर टाकला आणि मंगळवारी संध्याकाळी गाडी भरून निघाली.

बुधवारी रात्री ड्रायव्हरचा फोन आला. गाडी धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर उभी होती. शेठनं, म्हणजे गाडीमालकानं थांबायला सांगितलंय, पैसे आलेले नाहीत, असं त्याचं म्हणणं.

मला कळेना. पैसे तर मी दिले होते! ब्रोकरला विचारलं तर, "ताई, संध्याकाळपर्यंत होतंय." गुरुवारची संध्याकाळ गेली. शुक्रवारी त्याचा फोनच बंद. शेवटी ड्रायव्हरकडून गाडीमालकाचा नंबर घेतला, तेव्हा उलगडा झाला. माझ्या ब्रोकरनं हे भाडं दुसऱ्या ब्रोकरला दिलं होतं, त्यानं तिसऱ्याला. मालकाच्या हातात पडले होते 9 हजार. बाकीचे 12 हजार मधल्या दोन हातांत अडकलेले. मालकाची ती एकच गाडी, हप्ता चालू. त्यानं गाडी थांबवली यात मला आजही त्याची चूक वाटत नाही.

डिझेलचे 8 हजार मी सरळ मालकाच्या खात्यावर टाकले. शनिवारी दुपारी गाडी निघायला तयार झाली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल, रात्री बारा वाजता संपतंय. 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं सोलापूर-इंदूरला चार दिवस मिळतात, आणि त्यातले अडीच ढाब्यावर गेले होते. बिल संपलेलं असताना मध्य प्रदेशात सेंधव्याच्या बाजूला तपासणीत गाडी सापडली तर कराच्या दुप्पट दंड. आमच्या मालावर 5 टक्के, म्हणजे कर 60 हजार आणि दंड त्याच्या दुप्पट, 1 लाख 20 हजार. या पूर्ण खेपेत मला तेवढे सुटणारही नव्हते.

मुदत वाढवता येते, पण संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच वेळात. आणि ती वाढवतो बिलावर ज्याचा ट्रान्सपोर्टर आयडी, म्हणजे वाहतूकदाराचा नोंदणी क्रमांक आहे तो. बिल्टी (माल वाहतुकीची पावती) ब्रोकरच्या नावाची, आयडी त्याचा, गाडी नंबरही त्यानंच भरलेला. माल माझा, बिल माझ्या कारखान्याचं, आणि माझ्या लॉगिनमधून काहीही करता येईना. तो संताप अजून उतरलेला नाही.

चार वाजता त्याच्या ऑफिसवर गेले. कुलूप. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. साडेसात वाजता तो आला. मी आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "भाऊ, आधी लॉगिन करा, हिशेब नंतर." मुदत वाढवायच्या कारणांच्या यादीत अपघात होता, नैसर्गिक आपत्ती होती, ब्रोकरनं पैसे दिले नाहीत हे कुठून असणार? 'इतर' निवडलं. मग गाडी आत्ता जिथे आहे तिथला पिन कोड मागितला. तो त्याला माहीत नव्हता, मलाही नाही. ड्रायव्हरला फोन लावून ढाब्याच्या पाटीवरचे सहा आकडे वाचून घेतले. आठ वाजून दहा मिनिटांनी मुदत वाढली. टपरीवाल्या मावशींनी न मागता दुसरा चहा दिला, तेव्हा कुठे हात थरथरायचे थांबले.

एवढं होऊनही मी ब्रोकरशिवाय माल पाठवत नाही. एकेक गाडी असलेले मालक देशभर विखुरलेले. इंदूरची कुठली गाडी आज सोलापुरात माल उतरवून खाली झाली आणि परतीचं भाडं शोधतेय, हे मला घरबसल्या कसं कळणार? ती माहिती त्याच्याकडे असते, आणि परतीची गाडी असते म्हणूनच भाडं परवडतं. त्याची दलाली मी आनंदानं देते. पण आता ती वेगळी देते, भाड्याचा अॅडव्हान्स थेट गाडीमालकाच्या खात्यावर. त्यासाठी गाडी भरण्याआधी आरसी बुकचा फोटो मागवते आणि सरकारच्या एमपरिवहन अॅपवर फिटनेस, इन्शुरन्स, परमिटच्या तारखा बघते. ज्याला हे चालत नाही त्याची गाडी घेत नाही.

हो, बिल्टी नीट वाचा. माझ्या पिवळ्या कार्बन कॉपीवर तळाला बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जोखमीवर' छापलेलं होतं, ते मी या प्रकरणानंतर पहिल्यांदा वाचलं. माल खराब झाला किंवा हरवला तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावा चालत नाही. फोनवरची भांडणं त्यात धरत नाहीत.

गाडी रविवारी पहाटे इंदूरला पोचली, सोमवारी खाली झाली. व्यापाऱ्यानं सही-शिक्क्याच्या पोचपावतीचा फोटो पाठवला. उरलेल्या 5 हजारांतले 4 हजार मी मालकालाच दिले आणि एक हजार ब्रोकरला. मधल्या दोघांकडचे 12 हजार त्यानं वसूल करायचे आहेत, असं त्याला लिहून दिलंय. त्यातले डिझेलसाठी जास्तीचे घातलेले 8 हजार माझे.