दमट हवेतला टोमॅटो : पान किती वाजता सुकतं?

दिवस ०

बारा रोपं लावली. मागच्या खेपेला वीस होती आणि फळं रंगायच्या वेळेला सहाच उभी होती. तेव्हा सगळा दोष मी खताला दिला. या वेळी वहीत एक नवा रकाना पाडलाय : 'पान सुकण्याची वेळ'. रोज सकाळी खालून तिसऱ्या पानाला बोट लावायचं, ओलं लागलं तर थोड्या वेळाने पुन्हा, आणि कोरडं लागलं की घड्याळ बघून लिहायचं. घरातले हसतात, हसू देत. समुद्राजवळच्या हवेत बुरशीचे बीजाणू कायमच उडत असतात, ते काही आपण थांबवू शकत नाही. पण पानावर बसलेल्या बीजाणूला रुजायला बहुतेक वेळा काही तास सलग ओल लागते. ते तास कमी करणं मात्र आपल्या हातात आहे.

गादीवाफा ३० सेंटीमीटर उंच. दोन रोपांत ७५ सेंटीमीटर, दोन ओळींत एक मीटर. (मागच्या वेळी ४५ वर लावली होती. जागा वाचली, रोपं गेली.) ओळी वाऱ्याच्या दिशेने ठेवल्या, म्हणजे झुळूक ओळीतून आरपार जाते. समुद्राच्या बाजूला शेडनेटची आडोशाची पट्टी. भिंतीसारखा बंद आडोसा नको, कारण त्यावरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवरा करून खाली येतो. जाळीतून गाळून येणारा वारा रोपांना मानवतो.

माती रेताड. चाळलेलं कंपोस्ट भरपूर, त्यात आठवडाभर आधी ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळून ठेवलेलं, आणि प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड. शेणखताचा हात आखडता ठेवला. नत्र जास्त झालं की पानं मऊ, मोठी, गच्च होतात आणि दमट हवेत तेच नको असतं.

बारापैकी सहा रोपं वांग्याच्या खुंटावर कलम केलेली, म्हणजे मुळं वांग्याची आणि वरचं रोप टोमॅटोचं. दोन्हीकडची खोडं साधारण २ मिलिमीटर जाडीची झाल्यावर ४५ अंशांत तिरका छेद, सिलिकॉनची चिमटी, आणि आठवडाभर झाकलेल्या डब्यात अंधार व भरपूर ओल. आठ केली, सहा जगली. अख्ख्या हंगामात दमटपणा माझ्या बाजूने होता तो एवढाच आठवडा. लावताना एक गोष्ट उलटी करावी लागते. साधं टोमॅटो खोल पुरायचं, कारण खोडालाच मुळं फुटतात. कलमी रोपाचा सांधा मात्र मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला तर वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाची मेहनत वाया जाते.

दिवस १९

साध्या रोपांपैकी एक दुपारी मान टाकून उभं. पानं हिरवीगार, डाग नाही, माती ओली. संध्याकाळी सावरलं. तिसऱ्या दिवशी सावरलं नाही.

उपटलं, बुडाकडचा खोडाचा तुकडा कापला आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून धरला. दोनेक मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधाळ धागे खाली सुटायला लागले. जिवाणूजन्य मर, म्हणजे राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूने रोप सुकवणारा रोग. बघायला विलक्षण सुंदर, त्यामुळे जास्तच राग आला.

यावर फवारणी नाही, सेंद्रिय नाही आणि दुसरीही नाही. ट्रायकोडर्मा ओतून उपयोग झाला असं सांगणारे भेटतात, पण खोडात शिरलेला जिवाणू त्याने बाहेर निघत नाही. रोप मुळांभोवतीच्या मातीसकट काढलं, कंपोस्टमध्ये टाकलं नाही, कात्री स्पिरिटने पुसली. तरी २६ व्या दिवशी शेजारचं गेलं आणि ३३ व्या दिवशी त्याच्या पुढचं. ओळीत पाणी वाहतं त्याच दिशेने. वांग्याच्या खुंटावरची सहाच्या सहा त्याच वाफ्यात ठणठणीत. दमट, उष्ण भागात टोमॅटो लावणाऱ्याने आधी कलम शिकावं, बाकी खतपाणी नंतर, असं माझं मत आता पक्कं झालंय.

दिवस ३१

पान सुकण्याची वेळ १०:४०. फार उशीर. रोपं झुडपासारखी झाली होती.

ऊन असलेली कोरडी सकाळ बघून छाटणी केली. प्रत्येक रोपाला एकच खोड, बगलफुटवे बोटभर असतानाच मोडले, जमिनीपासून ३० सेंटीमीटरपर्यंतची सगळी पानं काढली. सुतळी वरच्या तारेला बांधून खोड तिला पिळत नेलं. खाली वाळक्या गवताचं आच्छादन, खोडापासून वीतभर लांब. त्यामुळे पावसाच्या थेंबाबरोबर माती पानांवर उडत नाही, आणि करप्याची (पानांवर तपकिरी डाग पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाची) पहिली पायरी बहुतेक वेळा तीच असते.

पुढच्या चार दिवसांचा रकाना : ९:३०, ९:२०, ९:२५, ९:२०. म्हणजे एका कात्रीने सव्वा तास कमावला. कुठल्याच बाटलीने मला एवढं दिलेलं नाही.

दिवस ३८

इथे चूक झाली, ती लिहून ठेवतो. मधल्या पानांवर वरून फिकट पिवळे, धूसर कडांचे ठिपके दिसले. मॅग्नेशियम कमी पडलं असं ठरवून सहा दिवस एप्सम सॉल्ट देत बसलो. सातव्या दिवशी पान सहज उलटं केलं तर ठिपक्यांच्या बरोबर मागे ऑलिव्ह रंगाची मखमल. पानांवरची बुरशी, लीफ मोल्ड. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की ही हमखास येते. पान उलटून बघणं म्हणजे दोन सेकंदांचं काम, पण मला सहा दिवस लागले. लागलेली पानं काढून पिशवीत बांधली, वर बॅसिलस सबटिलिस या उपयोगी जिवाणूची फवारणी केली, तीही सकाळी, संध्याकाळी नाही. संध्याकाळी फवारलं तर रात्रभराची ओल आपणच पानांना देतो.

दिवस ४४

फुलं भरपूर, पण देठाशी पिवळी पडून गळतात. यात रोग काही नाही. टोमॅटोचे परागकण परागकोशाच्या नळीत असतात आणि फूल थरथरलं की पडतात. हवा फार दमट असली की ते एकमेकांना चिकटून बसतात, सुटत नाहीत. त्यात रात्रीचं तापमान २४ अंशांच्या खाली उतरत नसेल तर फलधारणा आणखी रोडावते.

रात्र थंड करणं माझ्या हातात नाही, थरथर आहे. विजेवर चालणारा जुना टूथब्रश घेऊन, पान सुकल्यावर तासाभराने, प्रत्येक घोसाच्या देठाला मागच्या बाजूने टेकवतो. ऊन असेल तर परागाची धूळ डोळ्यांना दिसते. ढगाळ दिवशी काही पडत नाही आणि त्या दिवशी मी प्रयत्नही करत नाही. काळा भुंगा येतो तेव्हा मात्र ब्रश बाजूला ठेवून बघत उभं राहावं. तो फुलाला मिठी मारून पंख न हलवता गुणगुणतो आणि माझं पाच मिनिटांचं काम क्षणात उरकतो. मधमाशीला ही कला येत नाही.

चेरी जातीने न कुरकुरता फळं धरली. मोठ्या फळाच्या जातीत दर घोसाला दोन, फार तर तीन.

दिवस ५२

तीन दिवस संततधार. खालच्या पानांवर वर्तुळात वर्तुळं असलेले तपकिरी डाग : करपा. बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार आणि चुना यांचं बुरशीनाशक) करावं की नाही, यावर दोन दिवस स्वतःशीच वाद घातला. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते पुढे आणलं आणि सेंद्रिय शेतीत ते आजही मर्यादेत चालतं. पण तांबं मातीत कुजत नाही, साठत जातं. म्हणून हंगामात एकदाच, असं ठरवलं.

अर्धा टक्का : ५ ग्रॅम मोरचूद, ५ ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवायचं आणि मग एकत्र करायचं. लोखंडी खिळा बुडवून बघितला, तांबूस झाला. म्हणजे आम्लता शिल्लक, ते तसंच मारलं तर पानं भाजतात. चुना थोडा वाढवला, खिळा स्वच्छ निघाला. डोळ्यांना चष्मा लावून, त्याच दिवशी सगळं संपवलं, कारण शिळं मिश्रण कामाचं नाही.

दिवस ६१

चार हिरव्या फळांच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची खूण. त्यासाठी अंड्याची टरफलं टाकायचं आठवलं ना? ती मातीत इतकी हळू विरतात की या हंगामाला उपयोग शून्य. बहुतेकदा कॅल्शियम मातीत असतंच, फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्याच्या ओढीबरोबर चढतं आणि दमट हवेत पानांतून पाणीच कमी उडतं, म्हणून ओढ मंद. वर मी आठवड्यात दोनदा पाणी द्यायला विसरलो होतो. आता रोज थोडं, ठरलेल्या वेळी. नवीन घोसांवर डाग नाही.

दिवस ६८

समुद्राकडून दोन दिवस जोराचा वारा, पाऊस अजिबात नाही. पानांच्या कडा जळल्यासारख्या. पानाला जीभ लावली तर खारट.

मोठा पेच. मीठ धुवायला पानं भिजवायला हवीत आणि मी अडुसष्ट दिवस ती कोरडी ठेवायला धडपडतोय. शेवटी ठरवलं की धुवायचं, पण दवाच्या वेळेतच. तेव्हा पान तसंही ओलं असतं, नवी ओल फारशी वाढत नाही. साडेसातला गोड्या पाण्याने वरून खाली धुतलं आणि सुतळ्या हलवून पाणी झाडलं. त्या दिवशीचा रकाना ९:३५. नेहमीपेक्षा फक्त पंधरा मिनिटं उशीर. एवढी किंमत चालेल.

दिवस ७४

पहिली खरी तोडणी. फळावर गुलाबी छटा उमटली की तोडतो, वेलीवर पूर्ण लाल होईपर्यंत थांबत नाही. पाऊस आला की पिकतं फळ तडकतं, आणि तडकलेल्या फळात दुसऱ्या दिवशी बुरशी. शिवाय ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ केशरीच राहतं. घरात सावलीला, हवेशीर ठिकाणी एकेरी पसरून ठेवलेली जास्त लाल झाली. चवीत मला फरक कळला नाही. कळतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

उभी रोपं नऊ : कलमी सहा, साधी तीन.

दिवस ८१

रकाना ९:५०. चार दिवसांत अर्धा तास सरकला. शेंडे तारेच्या वर जाऊन एकमेकांवर लोळायला लागलेत, उद्या ऊन पडलं तर वरून कात्री. तिसऱ्या क्रमांकाच्या रोपाचं पान उलटून बघितलं, एक ठिपका आहे. मखमल अजून नाही.