शेऱ्याच्या रकान्यातली ओळ

मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी 2023 ला शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी, म्हणजे जुन्या कागदांवरची मराठीची लिपी, वाचणाऱ्या माणसाला सोलापुरात श्वास घ्यायला वेळ नाही. त्याआधी मी पुराभिलेखची मोडीची परीक्षा पास झाले तेव्हा घरचेच म्हणले होते, हे शिकून काय करणार. आता लोक सकाळी सातला दारात उभे असतात, मोबाईलमध्ये धुरकट फोटो घेऊन. फोटोवरून वाचू नये हे मी सगळ्यांना सांगते, कोणी ऐकत नाही.

तात्यांचं काम मात्र मी मागून घेतलं होतं. तात्या आणि माझे बाबा गिरणीत एकाच खात्यात, एकाच पाळीला. गिरणी बंद पडली, बाबा गेले, पण गड्ड्याच्या जत्रेत पहिला फेरा अजून दोन्ही घरांचा एकत्रच असतो, आणि त्यांच्या सुनीलला मी राखी बांधते. सुनीलच्या मुलीचं यंदा ॲडमिशन आहे. त्याला गावच्या रजिस्टरात तात्यांच्या आजोबांची, म्हणजे बाबाजींची नोंद सापडली होती, जातीच्या रकान्यात स्वच्छ "कुणबी". कुणबी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची नोंद पाहिजे, ही तर त्याच्याही कितीतरी आधीची. फक्त बाबाजींचा मुलगा तुकाराम, म्हणजे तात्यांचे वडील, एवढं जोडून दाखवायचं राहिलं होतं. मी म्हणलं, शाळेचं जनरल रजिस्टर बघू, अर्ध्या तासाचं काम आहे.

तिथंच अडलं. 1922 च्या पानावर मुलाचं नाव "तुकाराम गणू". पालक बाबाजी. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात एक ओळ. मोडीत आधी सलग रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, बोरू शक्यतो उचलत नाहीत, शब्द तोडत नाहीत, र्‍हस्व दीर्घाचा भेद नाही, त्यामुळं शब्द कुठं संपला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं. ती ओळ मी तीनदा तोडून बघितली, तिन्ही वेळा तेच आलं: बाप मयत, हल्ली मामाचे घरी. पुढं मूळ गावाचं नाव. शेजारचंच गाव, सात-आठ किलोमीटरवरचं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूमला गेले. कुठल्या तहसीलची ते लिहीत नाही, पण शंभर वर्षांची कोतवाल बुकं, म्हणजे गावोगावची जन्म-मृत्यूची रजिस्टरं, खिडकीखाली जमिनीवर रचून ठेवलीत, पावसाळ्यात ओल येते आणि उन्हाळ्यात वाळवी, आणि स्कॅनिंग झालंय असं विचारलं की सांगतात. ज्यांनी स्कॅन केलं त्यांनी दुमडलेले कोपरेसुद्धा उलगडले नाहीत. हे बघून मला रडायला येतं, खरंच. एक पान गेलं की एका गावाची माणसं गेली.

त्या गावच्या बुकात जन्माची नोंद मिळाली, 1915 सालची. बाहेरच्यांना माहीत नसतं, जन्माच्या नोंदीत बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. बापाचं नाव आणि "मुलगा", एवढंच. गणू बिन राघू, म्हणजे राघूचा मुलगा गणू. मग मृत्यूची बाजू उघडली आणि 1918 च्या ऑक्टोबरवर आले.

मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ पुस्तकात वाचलेली, हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली हे पाठ होतं. पण त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत महिन्याला तीन-चार नोंदी असलेल्या गावात ऑक्टोबर सहा पानं चालतो हे डोळ्यांनी बघणं वेगळं. कारणाच्या रकान्यात आधी "ताप" लिहिलंय, मग "तापच", मग खाली नुसती उभी रेघ ओढत नेलीय. मधेच हस्ताक्षर बदलतं, शाई पाणी घातल्यासारखी फिकट होते. तारीख 21 ला गणू बिन राघू, वय 28. जात मराठा. त्याच्या दोन दिवस आधी त्याची बायको.

म्हणजे बाबाजी हे मामा. आणि दाखल्याला वडिलांकडचं रक्ताचं नातं लागतं, मामाची नोंद चालत नाही.

सुनीलला आधी फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणला, "ताई, शेऱ्याचा रकाना सोडून बाकीचं लिहून दे ना, तेवढं कोण बघतंय." खरंच कोणी बघत नाही, टेबलावरच्या साहेबांना मोडीचं एक अक्षर येत नाही, माझ्या सहीवरच सगळं चालतं. आणि असं सोडून देणारे वाचक या धंद्यात आहेत, मला नावं माहीत आहेत, त्यांच्याकडं रांग जास्त असते. मी म्हणलं, मला ते जमणार नाही. रकाने आहेत तेवढे सगळे लिहिले, शेरा सुद्धा, आणि कागद तात्यांच्या हातात नेऊन दिला. सुनील त्या दिवसापासून बोलत नाही. त्या पोरीला मी मांडीवर खेळवलंय, तिच्याकडं बघवत नाही.

तात्यांनी मात्र दाखल्याचं काहीच विचारलं नाही. म्हणले, "गणूचं परत वाच पोरी." चार वेळा वाचून घेतलं. "आमचे दादा त्या गावाचं नाव निघालं की उठून जायचे," म्हणले, वडिलांना ते दादा म्हणतात. "आम्ही इतकी वर्षं पितरांना पान बाबाजीच्या नावानं वाढतोय. बापाचं नावच माहीत नाही."

काकू भाकरी थापत होत्या, त्या आतनं म्हणल्या, "बाई आधी गेली का तो आधी?" मी म्हणलं, बाई, दोन दिवस आधी. "मग सवाष्ण गेली की. तिची अविधवा नवमी करायला पाहिजे. नाव काय?"

नाव तिथंच वाळवीनं खाल्लंय. "कोम गणू", म्हणजे गणूची बायको, एवढं स्वच्छ आहे, वय 22 आहे, आणि त्याच्या आधी नुसतं "सा" आणि पुढं भोक. भोकाच्या वर रेघ तेवढी उरलीय, तिच्या लांबीवरून पुढं एक-दोन अक्षरं असावीत. साळू असेल, सारजा असेल. सोमवारी माहेरच्या गावचं बुक काढायला सांगितलंय, तिथं बाबाजीच्या बहिणीची सोयरिकीची, वाटणीची कुठं काही ओळ निघते का बघायला. तात्या रोज संध्याकाळी फोन करतात, लागलं का म्हणून.