बेदाण्याच्या शीतगृहासाठी ॲडमिन पॅनेल तपासताना

सांगली-तासगाव पट्ट्यातील बेदाण्याच्या एका शीतगृहासाठी वेब ॲप्लिकेशन तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. शेतकऱ्याने आणलेल्या १५ किलोच्या बॉक्सांची आवक, प्रत्येक गटाची जागा, साठवणुकीचे भाडे, सौद्यासाठी काढलेला माल, जावक आणि शेवटची हिशोबपट्टी हा सगळा व्यवहार आजवर रजिस्टर आणि एक्सेल यांत विभागलेला होता. ॲप्लिकेशन लॅरावेलवर, म्हणजे पीएचपी भाषेतील वेब ॲप्लिकेशनच्या तयार चौकटीवर, आहे. त्याच्या व्यवस्थापनाचे पडदे हाताने लिहीत बसण्यापेक्षा तयार ॲडमिन पॅनेल घ्यावे, असे ठरवून मी फिलामेंट हे पॅकेज तपासले. २०१८ मध्ये आलेल्या लॅरावेल नोव्हा या दुसऱ्या ॲडमिन पॅनेलचाही विचार केला होता, परंतु ते सशुल्क आहे, तर फिलामेंट एमआयटी या मुक्त-स्रोत परवान्याखाली मोफत मिळते. लहान ग्राहकाच्या बाबतीत हा फरक पुरेसा ठरतो.

अशा पॅकेजची ओळख करून देताना हवे ते मॉड्यूल जोडण्याच्या सोयीवर भर दिलेला असतो. जोडणे बहुतेक ठिकाणी सोपेच असते; म्हणून मी प्रत्येक पूरक मॉड्यूल आधी जोडले, त्यात थोडी माहिती भरली आणि मग ते काढून टाकून मागे काय उरते ते पाहिले. पॅनेलच्या प्रोव्हायडरमधील (पॅनेलची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमधील) नोंदणीची ओळ काढली की त्या मॉड्यूलचे मेनू आणि पडदे नाहीसे होतात, इथपर्यंत फिलामेंटची रचना स्वच्छ आहे. मात्र ज्या मॉड्यूलसाठी आपल्या मॉडेलमध्ये (डेटाबेसमधील एका तक्त्याचे काम पाहणाऱ्या कोडमध्ये) त्याचे ट्रेट, म्हणजे तयार कोडचा तुकडा, घालावे लागते, ते कम्पोझर या पॅकेज बसवण्या-काढण्याच्या साधनातून काढताच तो मॉडेल वापरणारा प्रत्येक पडदा बंद पडतो. शिवाय डेटाबेसमधील त्याचे तक्ते आणि परवानग्यांच्या नोंदी तशाच पडून राहतात. त्यामुळे आवक, जावक आणि पट्टी या मूळ मॉडेलना हात न लावणारी मॉड्यूलच घ्यायची, ही अट मी स्वतःसाठी घालून घेतली आहे.

बदलांची नोंदवही ठेवणाऱ्या मॉड्यूलचा याला अपवाद करावा लागला, कारण पट्टीतला आकडा कोणी आणि केव्हा बदलला हे शेतकऱ्यासमोर दाखवता आलेच पाहिजे. अशा नोंदवहीत मॉडेलच्या क्लासचे पूर्ण नाव साठवले जाते, आणि पुढे तो क्लास दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की जुन्या नोंदींचा धागा तुटतो. लॅरावेलमधील मॉर्फ मॅप (मॉडेल आणि त्याचे ठरवलेले नाव यांची यादी) सुरुवातीलाच सक्तीचा करून प्रत्येक मॉडेलला छोटे, कायमचे नाव दिले की हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु हे पहिली नोंद पडण्यापूर्वी करायला हवे.

सर्वाधिक वेळ मी परवानग्यांवर घालवला आणि माझ्या मते तो तिथेच घालवायला हवा. फिलामेंट लॅरावेलच्या पॉलिसी, म्हणजे कोणाला काय करता येईल याचे नियम, मानते, ही मोठी सोय आहे. परंतु एखाद्या मॉडेलसाठी पॉलिसी लिहिलेलीच नसेल, तर पॅनेलमध्ये आलेल्या प्रत्येकाला त्यातले सर्व काही करण्याची मुभा आपोआप मिळते. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. यादीतील अनेक नोंदी निवडून एकदम काढून टाकताना तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीची परवानगी स्वतंत्रपणे तपासली जात नाही. वेग राखण्यासाठी ‘डिलीट एनी’ या एकाच नियमाला विचारले जाते. म्हणजे रक्कम चुकती झालेली पट्टी काढता येणार नाही असा नियम एकेका नोंदीसाठी काटेकोर लिहिला, तरी कारकुनाला एकगठ्ठा काढण्याचा मार्ग मोकळा राहू शकतो. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब जिथे आहे, तिथे हे चालणार नाही. म्हणून पट्टीच्या यादीतून एकगठ्ठा काढण्याची क्रियाच मी वगळली आणि चुकती पट्टी काढता न येण्याचा नियम मॉडेलच्या पातळीवरही लिहिला, जेणेकरून उद्या पॅनेल बदलले तरी नियम जागेवर राहील.

वेगाविषयी थोडे. फिलामेंट लाइव्हवायर या सर्व्हरवरून पडदे ताजे करणाऱ्या पॅकेजवर उभे असल्यामुळे फॉर्ममधील ‘लाइव्ह’ ठेवलेला प्रत्येक रकाना बदलताच सर्व्हरकडे विनंती जाते. कार्यालयात हे जाणवत नाही, पण शीतगृहाच्या जाड इन्सुलेशनच्या भिंतींआड फोनला रेंज कमी मिळते आणि तिथेच बॉक्स मोजून नोंद करायची असते. भाड्याचा हिशोब रकान्यातून बाहेर पडल्यावरच व्हावा अशी सोय पॅकेजमध्ये आहे, ती मी सर्वत्र लावली. शेतकऱ्यांची संपूर्ण यादी आधीच उतरवून घेण्याऐवजी टाइप केलेल्या अक्षरांवरून शोध ठेवला.

आकडे भाषेनुसार दाखवण्यासाठी पीएचपीचे इंटल एक्स्टेन्शन लागते. लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) ‘एमआर’, म्हणजे मराठी, ठेवले तर रक्कम मराठी अंकांत येते. ‘ईएन-आयएन’, म्हणजे भारतीय इंग्रजी, ठेवले तर अंक इंग्रजी राहतात आणि स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात. शेतकऱ्याला द्यायच्या छापील पट्टीसाठी पहिला पर्याय आणि लेखापालाच्या पडद्यासाठी दुसरा, अशी विभागणी केली आहे.

अखेर फिलामेंटच घेतले आहे, पण त्याभोवतीची बहुतेक तयार मॉड्यूल बाजूला ठेवून. आलेखांचे मॉड्यूल वगळले, कारण मालकांना रोज सकाळी शिल्लक बॉक्स आणि येणे भाडे एवढेच पाहायचे असते आणि त्याला दोन साधी विजेट (पडद्यावरील माहितीचे चौकोन) पुरतात. एक्सेल निर्यातीची सोय पॅकेजमध्येच आहे, परंतु ती क्यूमधून, म्हणजे मागे रांगेत लावलेल्या कामांतून, चालते आणि ग्राहकाच्या सध्याच्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर) ती कामे उरकणारा क्यू वर्कर सतत चालू ठेवता येत नाही. त्यासाठी लहान व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्यावा, असे मी त्यांना लेखी सुचवले आहे. बेदाण्याच्या नव्या हंगामाची आवक सुरू होण्यापूर्वी त्यावर निर्णय होणे गरजेचे आहे.