रूफस पिक्युलेट: ओळख झाली, आता खाण्याच्या नोंदी

मंडळी, रूफस पिक्युलेट या चिमुकल्या सुतारपक्ष्याच्या निरीक्षणाचं काम छान पुढे सरकलंय. सिंगापूरहून सीमा ओलांडून मलेशियातल्या जोहोर राज्यात शिरलं की कोटा तिंग्गीजवळ पांतीचं सखल वर्षावन आहे. सवड मिळेल तेव्हा उजाडताना तिथे पोचायचं, एवढाच माझा नेम.

पक्षी जेमतेम 9 सेंटिमीटरचा, वजन 10 ग्रॅमच्या आसपास. पाठ शेवाळी हिरवी, पोट विटकरी, शेपूट नावापुरतं आणि डोळ्याभोवती उघड्या कातडीचं लालसर कडं. याच जंगलात ग्रेट स्लेटीही राहतो. आज हयात असलेला जगातला सगळ्यात मोठा सुतारपक्षी तोच, सुमारे 50 सेंटिमीटरचा! त्याच्यासाठी मान वर करावी लागते. पिक्युलेट हवा असेल तर नजर गुडघ्यापासून डोक्याच्या जरा वरपर्यंत फिरवत राहा: बांबूची बेटं, वेली, वेताचं जाळं, वाळक्या काटक्या. दुर्बीण कमी अंतरावर फोकस होणारी हवीच, कारण पक्षी बऱ्याचदा अगदी जवळ असतो.

आधी कानांनी शोधायचं हे आता पक्कं झालंय. आवाज बारीक, उंच पट्टीतला, घाईघाईचा. पण त्याहून भरवशाची खूण म्हणजे ठोके. बांबू पोकळ असल्यामुळे एवढ्याशा चोचीचा ठोकाही चांगला घुमतो.

यावेळी एका नराने मनसोक्त पाहू दिलं. कपाळावरचा पिवळा ठिपका स्पष्ट होता, म्हणून नर. मादीचं कपाळ विटकरीच असतं. वाळक्या बांबूच्या पेराजवळ त्याने एक ठोका मारला, मान तिरकी केली, बोटभर पुढे सरकून पुन्हा मारला. मग एकाच जागी भराभर ठोके. बारीक भुसा खाली पडत होता. शेवटी चोचीच्या टोकाशी पांढरी अळी, आणि ती गिळून स्वारी लगेच शेजारच्या वेलीवर उलटी लटकली. मोठे सुतार ताठ शेपटीचा टेकू लावून खोडाला चिकटतात. याची शेपटी आखूड, मऊ, टेकूच्या कामाची नाही. त्यामुळे तो पेन्सिलीएवढ्या काटकीवर खुशाल आडवा बसतो. पायाला बोटंही तीनच, दोन पुढे आणि एक मागे. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ती नीट मोजता आली, फार आनंद झाला.

रेकॉर्डिंग वाजवून मी त्याला बोलावत नाही. पिक्युलेट अशा आवाजाला चटकन धावून येतो, आणि मग खाणं सोडून हद्द राखण्यातच त्याची ताकद जाते. खाण्याच्या नोंदी हव्या असतील तर फोन खिशातच ठेवावा.

लाकूडतोड होऊन पुन्हा वाढलेल्या जंगलातही हा पक्षी टिकतो, आणि बांबू असेल तिथे तर छानच. तेल-पामच्या मळ्यांत मात्र त्याच्या उपयोगाचं ते वेली-बांबूंचं जाळंच उरत नाही.

पुढचं काम: कोवळ्या पिल्लांची राखाडी पिसं टिपायची, आणि मुंग्या कुठल्या वेलींवरून उचलतो ते लिहून ठेवायचं. हिवाळ्यात बेळगावला आलो की दांडेलीच्या बांबूत स्पेकल्ड पिक्युलेटसाठी असंच बसणार आहे. त्याला चार बोटं असतात, तेव्हा बारीक काटकीवरची दोघांची पकड शेजारी शेजारी ठेवून पाहायचीय. तिकडचं कोणी नियमित जात असेल तर ठोक्यांची रेकॉर्डिंग जरूर पाठवा.