सहा गोळ्यांचा हिशोब: ६८६ वरून ६२५ वर

तर मंडळी, रिव्हॉल्व्हरच्या मॅचमधलं क्लासिक डिव्हिजन सोडून लिमिटेड सिक्स ह्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जायचं जायचं म्हणत होते ते शेवटी झालं. सेकंडहँड स्मिथ अँड वेसन ६२५ रिव्हॉल्व्हर घेतली, चार इंची नळी, स्टेनलेस, .४५ एसीपी. आधीच्या मालकाने ती इतकी वापरलीय की गोळ्या भरायचा सिलिंडर बाहेर काढून फिरवला तर फिरतच राहतो, आणि मला तेच हवं होतं. जुनी ६८६ विकलेली नाही, विकणारही नाही, ती आता नवीन येणाऱ्यांना हातात द्यायला ठेवलीय.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सोनं घेतलं, तो प्रकार म्हणजे एका हातात पिस्तूल आणि पाय जमिनीत रोवलेले. आमचं तसं नाही. इथे दोन्ही हातांनी धरायचं, भिंतीआडून, खिडकीतून, पळत जाऊन मारायचं आणि रेंज ऑफिसरच्या हातातल्या टायमरचा बीप वाजला की घड्याळ सुरू. अमेरिकेत फक्त रिव्हॉल्व्हरवाल्यांची म्हणून आयकोर नावाची संघटना १९९१ पासून आहे, तिची मोठी मॅच वर्षानुवर्षं कॅलिफोर्नियात सॅन लुईस ओबिस्पोच्या होग रेंजवर भरायची. हिशोब सरळ आहे, तुम्हाला लागलेला वेळ अधिक दंड. टार्गेटच्या मधल्या ए झोनमध्ये लागली तर दंड नाही, बी ला एक सेकंद, सी ला दोन आणि अख्खा कागद चुकलात तर पाच. म्हणजे घाईत एक गोळी हुकली की पळून पळून वाचवलेलं सगळं गेलं. आणि हो, मेसेजमध्ये नेहमी विचारतात म्हणून, एच-वन व्हिसावर असताना इथे अमेरिकेत गन बाळगायला केंद्राचा कायदा साधारणपणे मनाई करतो, शिकारीच्या लायसन्सचा अपवाद वगैरे आहे पण ते नीट वाचून घ्या, मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत फक्त टार्गेटला चिकटपट्ट्या लावायचं काम केलंय.

आता मुद्द्याचं. सगळ्यांनी सांगितलं होतं की घ्यायची तर आठ गोळ्यांची घे. ९२९ घे, नाइन एमएम, टायटॅनियमचा सिलिंडर, साडेसहा इंच नळी. नाहीतर ६२७ घे आणि त्यात .३८ शॉर्ट कोल्टच्या पुंगळ्या भर, त्या आखूड असतात त्यामुळे आत पटकन जातात आणि बाहेरही एका थापेत पडतात. सल्ला चुकीचा नाही. यूएसपीएसए ह्या दुसऱ्या, सेमी ऑटोवाल्यांनाही घेणाऱ्या संघटनेच्या मॅचमध्ये एका जागेवरून जास्तीत जास्त आठ गोळ्या लागतील अशीच स्टेज, म्हणजे मॅचचा एकेक टप्पा, बांधतात, मग आठवाल्याला एक जागा म्हणजे एक सिलिंडर, आणि सहावाल्याला त्याच जागी उभं राहून रीलोड. उभ्या उभ्या रीलोड म्हणजे निव्वळ तोटा, कारण चालता चालता केलेला रीलोड जवळजवळ फुकटात पडतो, पाय तसेही चालणारच असतात ना.

पण मी दोघातिघांच्या ९२९ घेऊन मारून बघितल्या आणि मला काही ती मानवली नाही. एक तर पुढे जड. आणि दुसरं म्हणजे यूएसपीएसएमध्ये आठ गोळ्या वापरल्या की स्कोअरिंग मायनरच, सहा वापरून पॉवर फॅक्टर १६५ च्या वर नेला तर मेजर. मेजरला सी झोनचे चार पॉइंट, मायनरला तीन, डी ला दोन विरुद्ध एक. माझ्या गोळ्या सी मध्ये किती जातात हे मला ठाऊक आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट पर सेकंदमध्ये भागिले हजार, म्हणजे २३० ग्रेनची गोळी ७३० ने गेली की १६८ च्या आसपास, झालं मेजर. आणि आयकोरला १२० पुरतात, तिथे तीच २३० ग्रेनची गोळी ५३० ने गेली तरी चालते, ती इतकी निवांत जाते की ऊन पाठीशी असेल तर कधीकधी जाताना दिसते.

खरं कारण मात्र आणखी वेगळंच आहे, .४५ ची गोळी. बुटकी, जाडी, पुढून गोल. सहा गोळ्या मूनक्लिपमध्ये, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकतीत, अडकवल्या की ती चकती सिलिंडरच्या तोंडाशी नेली तरी पुरे, बाकी आपोआप. जुन्या ६८६ मध्ये .३८ स्पेशल होत्या, लांबुडक्या, आणि क्लासिकमध्ये मूनक्लिप चालत नाही म्हणून स्पीडलोडर, म्हणजे सहा गोळ्या धरून एकदम आत सोडणारी डबी. त्यातही सफारीलँडचा दाबून सुटणारा बरा, एचकेएसचं बटण पिळावं लागतं, घाम आलेल्या बोटांनी ते पिळणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. स्पीडलोडरने माझा शॉट ते शॉट रीलोड पाच सेकंदांच्या खाली फारसा गेलाच नाही, मूनक्लिपने आता साडेतीनच्या आसपास येतोय, चांगल्या दिवशी तीन. जेरी मिक्युलेक ह्या अमेरिकन नेमबाजाने १९९९ मध्ये ६२५ नेच सहा गोळ्या, रीलोड आणि परत सहा गोळ्या हे सगळं मिळून २.९९ सेकंदात केलं होतं. माझा नुसता रीलोडच त्याच्या अख्ख्या विक्रमाएवढा, तरी मी खूश आहे!

गंमत म्हणजे मूनक्लिप ही काही स्पर्धावाल्यांची डोकॅलिटी नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला पिस्तुलं पुरेनात म्हणून १९१७ मध्ये कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडून .४५ एसीपीची रिव्हॉल्व्हरं बनवून घेतली. ह्या गोळीला मागे बाहेर आलेली कडा नसते त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलायला धरणार काय, मग तीन तीन गोळ्यांच्या अर्धचंद्र क्लिपा काढल्या. शंभर वर्षांपूर्वीचा तो जुगाड, आज आम्ही त्याच्यावर मॅच मारतोय.

आता हाताचं. माझा हात लहान आहे, आणि ६२५ ची फ्रेम ६८६ पेक्षा मोठी. डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडायचा तेव्हा, चाप लांब ओढायचा असतो, नुसतं बोटाचं टोक पोचून भागत नाही, पहिल्या पेराचा सांधा चापावर बसला पाहिजे, नाहीतर गन प्रत्येक शॉटला डावीकडे ढकलली जाते. आलेली रबरी मूठ मागून फ्रेम झाकत होती. ती काढून मागची पट्टी उघडी ठेवणारी पातळ लाकडी मूठ लावली आणि बोट बरोब्बर बसलं. रिकॉइल आता थेट तळहाताच्या फुगीर भागावर येतो, मेजर लोड मारले की संध्याकाळी पोळ्या लाटताना कळतं. पण ज्यांचे हात लहान आहेत त्यांना सांगते, स्प्रिंग, साइट, होल्स्टर ह्या सगळ्याच्या आधी मूठ बदला. विशेषतः बायकांना दुकानात सरळ छोटी आखूड नळीची गन हातात देतात, ती हलकी असल्याने जास्त उसळते आणि तिचा पुंगळ्या बाहेर ढकलणारा इजेक्टर रॉड आखूड असतो म्हणून त्या अर्ध्यातच अडकतात. आपला हात लहान आहे म्हणून गन लहान पाहिजे असं काही नाही हो, मूठ लहान पाहिजे.

ट्रिगरवर मात्र मी फार काही केलेलं नाही, आणि ह्यावरून स्क्वॉडमध्ये, म्हणजे एकत्र मारणाऱ्या आमच्या टोळीत, रोज भांडण. फॅक्टरीतून डबल अॅक्शनचा चाप साधारण बारा पौंडांचा येतो. लोक तो सहाच्या खाली आणतात, घोड्याला जोर देणारी मेनस्प्रिंग हलकी, घोड्याचा शेपटा कापलेला, स्प्रिंग ताणणारा स्क्रू सैल. मग त्या गनला फक्त फेडरल कंपनीचे प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, घोडा आपटला की पेटणारी टिकली) चालतात, कारण ते सगळ्यात मऊ, दुसरे घातले की क्लिक, फुसका बार. आणि ते प्रायमर हाताने दाबून खोलवर बसवायचे, एक जरी वर राहिला तरी घोड्याचा अर्धा जोर तो खाली ढकलण्यातच जातो. प्रायमरचा दुष्काळ पडला होता तेव्हा ह्या हलक्या ट्रिगरवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी माझा साडेआठ पौंडांवर ठेवलाय, कुठलाही प्रायमर फुटतो. आणि रीबाउंड स्प्रिंग तर मुळीच हलकी करू नका, चाप परत पुढे यायला आळस करायला लागला की बोट त्याच्या आधी ओढतं आणि सिलिंडर अर्धवट फिरून बसतो.

मूनक्लिपची देखभाल हे वेगळंच प्रकरण. पातळ पत्रा, जरा वाकला की गोळ्यांची बुडं मागे घासतात आणि चाप अचानक दगड होतो. म्हणून आदल्या रात्री प्रत्येक भरलेली क्लिप सिलिंडरमध्ये घालून, मिटून, हाताने फिरवून बघायची, अर्थात नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, आणि घरात करायचं तर डमी गोळ्या घालूनच. पुंगळीचा ब्रँडही बघावा लागतो, प्रत्येकाची मागची खाच वेगळी, एकीत गोळी घट्ट बसते आणि दुसरीत डुलते. मी आता फक्त स्टारलाइन ब्रँडच्या ठेवते. .४५ मध्ये छोट्या प्रायमरच्या आणि मोठ्या प्रायमरच्या अशा दोन्ही पुंगळ्या बाजारात आहेत, बाहेरून सारख्याच दिसतात, निवडताना तांदळातले खडे बरे.

आणि टूथब्रश! खिशात असलाच पाहिजे. न जळलेल्या पावडरचा एक कण इजेक्टरच्या चांदणीखाली गेला की सिलिंडर मिटत नाही. म्हणून रीलोड करताना नळी आकाशाकडे, इजेक्टरवर तळहाताची एक सणसणीत थाप, हळूहळू दाबलं तर कण हमखास खाली शिरतो. थाप मारली की चकतीसकट सहाच्या सहा पुंगळ्या एकदम धुळीत पडतात, तो आवाज मला फार आवडतो.

मागच्या मॅचची एकच स्टेज सांगते. डावीकडून चार कागदी टार्गेट, प्रत्येकी दोन म्हणजे आठ गोळ्या, मग मध्ये दोन लोखंडी पॉपर, म्हणजे गोळी लागली की पडणारी टार्गेट, प्रत्येकी एक गोळी, मग उजवीकडे तीन कागद. आठवाल्यांना सरळ, आठ, चालताना रीलोड, मग उरलेल्या आठ. मला सहाचं गणित घालावं लागलं. डावीकडच्या चारपैकी शेवटचा कागद मधल्या जागेवरूनही कडेने दिसत होता, लांब पडतो पण दिसतो. मग डावीकडून तीनच, सहा गोळ्या, चालता चालता रीलोड, मध्ये तो लांबचा कागद आणि दोन पॉपर म्हणजे चार, दोन शिल्लक. आणि त्या दोन जिवंत गोळ्या तशाच टाकून देऊन परत चालताना रीलोड. धडधडीत चांगल्या गोळ्या मातीत टाकायच्या हे आपल्या मराठी मनाला किती जड जातं ते विचारू नका. पण त्या दोन वाचवायच्या तर उजवीकडे एका कागदानंतर उभं राहून रीलोड करावा लागला असता. त्या लांबच्या कागदावर एक बी गेली, एक सेकंद दंड, बाकी सगळं बसलं. स्टेजवरच्या आठवाल्यांपैकी निम्मे माझ्या मागे होते हे नमूद करून ठेवते, नम्रपणे.

स्क्वॉडबद्दल. आम्ही फीनिक्सकडचे रिव्हॉल्व्हरवाले सगळे मिळून एका स्क्वॉडमध्ये मावतो. एक रिटायर्ड मशिनिस्ट आजोबा, ते स्वतःच्या लेथवर मूनक्लिप सोडवायची नळी बनवून सगळ्यांना वाटतात, एक पोस्टमन, एक रात्रपाळी करून थेट येणारी नर्स, आणि मी. उन्हाळ्यात उजाडताच सुरुवात करतो, दहा वाजता गन हातात धरवत नाही इतकी तापते. सेमी ऑटोवाले पोरं टार्गेटला पट्ट्या लावायला सांगितलं की मोबाइल बघतात, आमच्यात कोणी मारून झालं की बाकीचे न सांगता पुढे, दोघं पट्ट्या लावतात, एक पॉपर उभे करतो, एक धुळीतल्या मूनक्लिपा वेचतो. क्लिपा सगळ्यांच्या सारख्या दिसतात म्हणून प्रत्येकाने रंगाचा ठिपका लावलाय, माझ्यावर गडद लाल नेलपॉलिश आहे. आजोबांनी आधी चेष्टा केली आणि पुढच्या मॅचला गुपचूप नातीची निळी बाटली घेऊन आले.

गेल्या मॅचला पोस्टमनच्या ९२९ चा सिलिंडर मधल्याच स्टेजला अडकला, मॅच डायरेक्टरला विचारून आजोबांनी आपली दुसरी गन, बेल्ट, क्लिपा सगळं त्याच्या कमरेला बांधलं आणि तो त्या स्टेजला आजोबांच्याच पुढे गेला. आजोबा दिवसभर सगळ्यांना सांगत होते की गन माझी होती बरं का. माझ्या कूलरमध्ये कोकम सरबत असतं, मीठ जरा जास्त घालून, त्याला ही मंडळी जांभळं औषध म्हणतात आणि दुपारपर्यंत थर्मास रिकामा करतात.

पुढचं काम म्हणजे डाव्या हाताने रीलोड शिकणं. आत्ता मी गन डाव्या हातात घेते, उजव्या तळहाताने थाप आणि त्याच हाताने क्लिप भरते, त्यात पकड दोनदा बदलते. गन उजव्यातच ठेवून डाव्याने भरलं तर पकड सुटत नाही पण डावा हात अजून आंधळा आहे. रोज रात्री डमी गोळ्या घेऊन, खाली पलंगावर गादी, म्हणजे क्लिपा वाकत नाहीत. बेल्टवरच्या क्लिपांच्या दांड्याही त्यासाठी डावीकडे हलवाव्या लागणार. कोणी दोन्ही पद्धती करून बघितल्या असतील तर सांगा, आणि कोणाकडे मोठ्या प्रायमरवाल्या स्टारलाइनच्या पुंगळ्या जास्त असतील तर मी घेईन, धुतलेल्या नसल्या तरी चालतील.