चुन्याचा डबा आणि कॅल्शियमचा पत्ता

तुळशीच्या लग्नाआधी, आमच्याकडे त्याला व्हडली दिवाळी म्हणतात, गोव्यात डिचोलीच्या घरी वृंदावनाला चुना लावायचं काम माझ्याकडे असतं. ऑइलपेंट आईला चालत नाही, तुळस गुदमरते म्हणे. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चुना आणायचा, तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात रात्रभर भिजवायचा, चिमूटभर नीळ घालायची आणि सकाळी काथ्याचा कुंचला फिरवायचा. लावताना वाटतं, नुसतं पाणीच लागलंय. वाळत जाईल तसा मग पांढरा उमटतो.

या वेळी आठवीतला भाचा शेजारी बसला होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला 'कार्बन पकडणारं यंत्र' करायचं होतं. म्हटलं, यंत्र कशाला, हा डबाच घे. भिंतीवर लागलेला चुना पुढचे कित्येक दिवस हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

डब्यातली वरची थोडी निवळी काचेच्या ग्लासात घेतली, आठ-दहा पट पाणी घातलं, स्ट्रॉ दिली. त्याने फुंकर मारली आणि पाणी ताकासारखं झालं. खूश! इतका खूश की थांबेचना. फुंकत राहिला आणि पाणी पुन्हा नितळ. "मावशी, गेलं सगळं!" रडवेला झाला. गेलं नव्हतं, जास्तीच्या वायूने कार्बोनेटचं बायकार्बोनेट होऊन ते पाण्यात विरघळलं होतं. ग्लासातलं पाणी टोपात ओतून गॅसवर उकळलं, तेव्हा गढूळपणा परत आला आणि चेहराही सुधारला.

मग मी हिशेब मांडला. क्यूसीतल्या, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या बाईची खोड. एक लिटर निवळीत चुना विरघळून विरघळून दीडेक ग्रॅम. तेवढ्यात वायू मावतो जेमतेम एक ग्रॅम. माणूस दिवसभरात साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. म्हणजे एकट्या भाच्याच्या एका दिवसाच्या श्वासाला छपरावरची हजार लिटरची टाकी भरून निवळी हवी. म्हणून कारखान्यात निवळी वापरत नाहीत, दाट चुन्याचं दूध करून त्यात वायू सोडतात. त्यातून जी पांढरीशुभ्र पूड खाली बसते ती कागदात, रंगात, टूथपेस्टमध्ये आणि आमच्या गोळ्यांमध्ये जाते. मी औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. कार्बोनेटची पोती आली की नमुना माझ्या टेबलावर येतो.

गेल्या वर्षी एक पुरवठादार असाच नमुना घेऊन आला होता. चकचकीत माहितीपत्रक, वर हिरवं पान. आमचं कार्बोनेट धुराड्यातल्या वायूपासून बनतं, पर्यावरणाला हातभार वगैरे. टायट्रेशन, म्हणजे शुद्धतेची चाचणी, उत्तम आलं, ओलावा मर्यादेत, तक्रारीला जागा नाही. पण कार्बोनेटला स्वतःचा इतिहास सांगता येत नाही, म्हणून त्यालाच विचारलं, "वायू धुराड्यातला, ठीक. कॅल्शियम कुठलं?" तो म्हणाला, "चुनखडीच की, मॅडम. भाजून."

आता बघा. शंभर किलो चुनखडी भाजली की छप्पन किलो कळीचा चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्या चुन्यात तुम्ही परत वायू सोडलात तर तो किती बसणार? तेवढेच चव्वेचाळीस. वर भट्टीला नऊशेएक अंशापर्यंत न्यायला जळलेला कोळसा कोणाच्या खात्यावर? याला आमच्याकडे चुना लावणंच म्हणतात, फक्त वृंदावनाला नव्हे.

सोड्याचंही थोडं असंच. तुतिकोरिनला 2016 मध्ये एका रसायन कारखान्याने कोळशाच्या बॉयलरचा धूर वापरून सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, बनवायला सुरुवात केली. वर्षाला साठ हजार टनांपर्यंत वायू धरायची योजना होती. तंत्र चांगलंच होतं, मला खोट काढायची नाही. पण तो सोडा काचेच्या भट्टीत गेला की वायू पुन्हा मोकळा.

खरा फायदा, ज्या कॅल्शियमने आधी कार्बन सोडलेला नाही, त्यात आहे. पोलादाच्या किंवा बीडाच्या भट्टीतल्या स्लॅगमध्ये, म्हणजे मळीत, कॅल्शियम भरपूर, पण ते बहुतेक भट्टीत टाकलेल्या चुनखडीतलंच. म्हणजे उधळलेल्यातलं थोडं परत मिळवायचं. तेही वाईट नाही, कचऱ्याचं खडीसारखं काहीतरी होतं. आमोण्याची बीडाची भट्टी आमच्यापासून फार लांब नाही, तरी मला हे लक्षात यायला नोकरीची बारा वर्षं लागली.

त्याहून चांगला काळा दगड, बेसॉल्ट. त्यातलं कॅल्शियम सिलिकेटमध्ये अडकलेलं, कार्बनचा कधी संबंधच आला नाही. आइसलँडला हेल्लिशेइडी इथे 2012 मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू अशा दगडात खाली सोडला. 2016 मध्ये कळलं की दोन वर्षांच्या आत पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक वायू खनिज होऊन बसला होता. मात्र एका टनामागे पंचवीसेक टन पाणी लागतं, आणि त्यातून विकायला काही हाती येत नाही.

आणि आपला चिरा, म्हणजे जांभा दगड? भाच्याने अंगणाच्या गडग्याकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा हसू आलं. चिऱ्यात आता लोखंड आणि ॲल्युमिनियमच उरलंय. कॅल्शियम लाखो वर्षांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेलं. तो पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडत होता, म्हणजे हे काम आमच्या डोंगरांनी कधीच उरकून टाकलंय. नद्यांनी ते समुद्रात नेलं, तिथे तिसऱ्या, खुबे अशा शिंपल्यांतल्या जिवांनी त्याचे शिंपले केले. आजीच्या काळी तेच शिंपले भाजून चुना पाडत. सत्तरीच्या वरच्या अंगाला घाटात काळा दगड आहे, पण तो दळायचा तर वीज लागणार, आणि ती वीज पुन्हा कुठली?

चुना लावून झाल्यावर डबा तसाच राहिला. चार दिवसांनी पाण्यावर पातळ पापुद्रा धरला होता, दुधावरच्या सायीसारखा, नखाने उचलला की कडकन मोडणारा. घरच्या हवेतून धरलेला कार्बन. मी तो वाळवून पुडीत बांधला आणि कामावर नेला. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, कार्बोनेट ओळखायची चाचणी आहे. त्यावर आम्ल टाकायचं, निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा, निवळी पांढरी झाली पाहिजे. झाली. व्हिडिओ काढून भाच्याला पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर आलं, "मावशी, म्हणजे तू तो परत बाहेर काढलास?"