सिनसिनाटीत, 1863 च्या टोकनाचा पत्ता शोधत

यादवी युद्धाच्या काळात अमेरिकन दुकानदारांनी सुट्ट्या पैशांऐवजी काढलेली टोकनं, म्हणजे खासगी नाणी, जमवणाऱ्यांची पंढरी म्हणजे ओहायोतलं सिनसिनाटी. या टोकनांच्या सगळ्यात जास्त तऱ्हा इथल्याच. मला इथे यायचंच होतं.

1862 मध्ये लोकांनी सोनं-चांदी दडवलीच, पुढे सेंटही बाजारातून गायब झाले. सुट्टे म्हणून टपाल तिकिटं हातावर ठेवली जायची. ती खिशात एकमेकांना चिकटून बसत. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला भोकाचा पैसा आला, पण तो सरकारने पाडला. इथे खाटीक, बेकरीवाले, गुत्तेवाले स्वतःच पुढे झाले आणि जॉन स्टँटनसारख्या ठसे कोरणाऱ्यांकडून आपापल्या नावाची टोकनं पाडून घेऊ लागले.

नाण्यांच्या एका जुन्या दुकानात मालकाने ट्रे समोर सरकवला. एक टोकन लखलखीत, पांढऱ्या धातूचं; त्या काळीही हौशी संग्राहकांसाठी अशी पाडली जात. शेजारचं तांब्याचं, जेमतेम सेंटएवढं. एका बाजूला सेंटवरच्यासारखाच पिसांचा मुकुट घातलेला चेहरा आणि 1863; दुसरीकडे एका खाटकाचं नाव आणि रस्ता. चेहऱ्याचा गाल झिजून सपाट झालेला. मी झिजलेलंच घेतलं. ते खरंच बाजारात फिरलंय!

ते खिशात टाकून ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये शिरलो. ही जुनी जर्मन वस्ती. ज्याला लोक जर्मनीतल्या नदीवरून ‘ऱ्हाइन’ म्हणत, तो कालवा बुजवून त्यावर आता सेंट्रल पार्कवे झालाय. विटांच्या उंच इमारती, खाली दुकान, वर बिऱ्हाड. खाटकाचं दुकान काही सापडलं नाही, पण 1855 पासूनच्या फिंडले मार्केटमध्ये मांसविक्रेते आजही आहेत. टोकन चालायचं ते अशाच वस्तीत. देणारा दुकानदार उद्याही तिथेच भेटणार, ते परत घेणार, हीच त्याची किंमत. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर या गुत्तेवाल्याने दहा लाखांहून जास्त टोकनं पाडली. पण ट्राम कंपनी ढीगभर टोकनं बदलून घ्यायला आली तेव्हा त्याने सरळ हात वर केले.

22 एप्रिल 1864 च्या कायद्याने एक आणि दोन सेंटची खासगी नाणी बंद झाली. त्याच कायद्याने सरकारने जाड सेंट सोडून पातळ कांस्याचा सेंट काढला, वजनाला आणि दिसायला जवळपास या टोकनांसारखाच. लोकांना त्याची सवय दुकानदारांनी आधीच लावून ठेवली होती.